मधूने केलेले अण्णा

पोलादपूरच्या स्टँडवर उतरले आणि समोर अण्णांचा फोटो. चांगला दहा फुटी फ्लेक्स, दोन बाजूंना दोन समया, वर ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. गळ्यात टेप, नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा, कानावर पेन्सिल... अण्णाच. म्हणजे माझे वडील. आता अण्णांना जाऊन अठरा वर्षं झाली. मी महाडहून चुलतबहिणीच्या नातीच्या बारशाला आलेली, हातात झबली-टोपड्यांची पिशवी, आणि भर उन्हात तिथेच खिळून उभी राहिले. पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, बाजारपेठेत चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले या माणसाने, कुणाला तरी आठवण झाली म्हणायची. मग खालचं नाव वाचलं. नाव मधूचं होतं.

चहाच्या टपरीवाल्याने स्टूल पुढे केलं. “ताई, बसा हितं. पाणी देऊ काय?” मी त्याला विचारलं, हा फोटो कुणाचा? तर म्हणाला, “आपले मधूशेठ नाय का, टीव्हीवर हवालदार व्हायचे. मुंबैला वारले, पंधरा दिस झाले की.” मी म्हटलं, अहो पण हा फोटो... “तो पोरांनी मोबाईलवरना काढला. त्यांचा एकट्याचा मोठा फोटोच गावंना. सगळीकडं कुणाच्या तरी मागं, नायतर अर्धे.” एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझ्या हातात पाण्याचा ग्लास तसाच. सख्खा आतेभाऊ गेला, पंधरा दिवस झाले, आणि मला हे टपरीवाल्याकडून कळतंय. पण तक्रार कुणाकडे करू? सात वर्षं त्याच्याशी न बोलणारी मीच की!

तुम्ही मधूला पाहिलेलं आहे. नक्की पाहिलेलं आहे, फक्त नाव सांगता येणार नाही. नायिकेच्या लग्नात अक्षता टाकायला पुढे येऊन मागे सरणारा मामा, सरकारी कचेरीत ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणणारा शिपाई, हॉस्पिटलात हिरोच्या आईच्या शेजारच्या खाटेवरचा पेशंट... तीस-बत्तीस वर्षं त्याने हीच कामं केली. नाव यायचं ते शेवटी, तेही भराभर वर सरकणाऱ्या यादीत, आणि तोवर घरातले सगळे उठून गेलेले असायचे. पण एकदा नीट बघा. तो शिपाई ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणताना स्वतःच्या डब्याकडे चोरून बघतो. हे त्याला कुणी लिहून दिलेलं नसायचं.

ही बघायची सवय त्याला लहानपणापासून. आंबेनळी घाटाच्या अंगाला त्याचं गाव. तिथे सातवीपर्यंतच शाळा, म्हणून आत्याने त्याला आमच्याकडे पोलादपूरला ठेवला. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा, वर्ग एकच. आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच अण्णांचं शिवणकामाचं दुकान होतं. शाळा सुटली की मधू तिथे काजं-बटणं करत बसायचा, पण नजर सुईवर कमी आणि माणसांवर जास्त. नकला करून हसवणारी पोरं वेगळी. हा हसवायचा नाही, नुसता बघून ठेवायचा. एकदा मला म्हणाला, “शैले, मामांनी च्याश्मा काढला ना की समजायचं, आता नाय म्हनणार.” मी म्हटलं, काहीतरीच! दुसऱ्या दिवशी कुणीतरी लग्नाचं ब्लाऊज चार दिवसांत मागायला आलं. अण्णांनी चष्मा काढला, चिंधीने पुसला आणि म्हणाले, नाही जमायचं. मधूने माझ्याकडे बघून भुवई उडवली. नंतर कारणही त्यानेच सांगितलं. “च्याश्मा नसला की समोरच्याचं तोंड दिसत नाय ना गो. मामांना तोंडावर नाय म्हनवत नाय.” माझ्याच वडिलांची ही खोड मला तेरा वर्षांत दिसली नव्हती.

बारावी झाली त्या जूनमधली गोष्ट. माझी मैत्रीण पुण्याला कॉलेजात जाणार होती, मलाही जायचं होतं. मार्क होते, मावशीकडे राहायची सोय होती. मी दुकानात जाऊन उभी राहिले. मधू कोपऱ्यात बटणं लावत होता. अण्णांनी मशीन थांबवलं, माझं सगळं ऐकून घेतलं... आणि चष्मा काढला. “नाही जमायचं, शैला.” बस. का, कशामुळे, काही नाही. मी धावत मागच्या खोलीत गेले, पाण्याच्या पिंपाला टेकून बसले आणि पोटभर रडले. आणि रडता रडता ऐकलं, पुढे मशीन सुरू झालं. दोन मिनिटंसुद्धा थांबले नाहीत! लेक आत रडतेय, आणि यांना कुणाचा तरी सदरा संपवायचाय... पुढे मी महाडला डी.एड. केलं, शिक्षिका झाले, संसार चांगला झाला, पेन्शन घेतेय. तक्रार नाही. पण ते मशीन मात्र जन्मभर कानात खडखडत राहिलं. अण्णा गेले तेव्हासुद्धा, रडताना, मला पहिलं आठवलं ते तेच.

मधू मुंबईला गेला. आधी गिरगावात एका टेलरकडे, मग नाटकात, मग पडद्यावर. प्रत्येक कामानंतर त्याचा फोन ठरलेला. “शैले, बघितलंस? जमलं का गो?” मी मास्तरीण, तोंडाला येईल ते सांगायची. “अरे, लाच घेताना हवालदार एवढा लाजतो होय?” तर हा खूश! म्हणायचा, बाकीचे नुसतं छान छान म्हणतात, तू बघतेस. बक्षीस-बिक्षीस त्याला कधी मिळालं नाही. माझ्यापाशी मात्र त्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. त्याला आतून काय वाटत होतं, मला ठाऊक नाही. हेही एक राहूनच गेलं.

सात वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी ह्यांनी हाक मारली, “अगं ये, तुझा मधू लागलाय!” कुठलासा सिनेमा, थिएटरात आठवडाभर टिकला होता म्हणे. मी हात पुसत बाहेर आले आणि बघते तर पडद्यावर अण्णा. चेहरा मधूचाच हो, पण मान, खांदे, पेन्सिल, टेप ओढायची ती पद्धत... आणि समोर एक मुलगी उभी, शहरात शिकायला जायचं म्हणतेय. मधूने चष्मा काढला. “नाही जमायचं.” तोच आवाज, तीच पट्टी. मुलगी निघून गेली. आणि मग जे मी कधी पाहिलंच नव्हतं ते सुरू झालं. तो चष्मा परत घालतो, दाराकडे बघतो, आणि मशीन चालवायला लागतो. मशीनवर कापड नाही. दोरासुद्धा नाही. नुसते पाय चालतायत आणि हाताचे तळवे मशीनच्या पाटावर पालथे... किती वेळ! माझी सून डोळे पुसत म्हणाली, “आई, काय काम केलंय हो काकांनी!” आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरातली गोष्ट, माझी गोष्ट, ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखवली. आणि वर खोटी दाखवली! रिकामं मशीन चालवायचं नाही हा आमच्या घरातला पहिला कायदा. लहानपणी मी एकदा चालवलं होतं, तर अण्णांनी हातावर फूटपट्टी मारली होती. तो माणूस स्वतः रिकामं मशीन चालवेल?

संध्याकाळी मधूचा फोन आला, मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी स्वारी दारात हजर! वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने आलेला, हातात पेढ्यांचा बॉक्स, घामाघूम. दारातूनच विचारलं, “जमलं का गो?” मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आज लिहिताना लाज वाटते. म्हटलं, “खोटं होतं ते. अण्णांनी असलं कधी केलं नाही. आणि परत या घरी येऊ नकोस.” तो काहीतरी बोलायला गेला, थांबला. मग “बरं” म्हणाला. बॉक्स टीपॉयवर ठेवला आणि आला तसा गेला. तेव्हा एकच प्रश्न विचारायचा होता. मधू, तू तिथे बसला होतास, मी आत गेल्यावर खरंच काय झालं? सात वर्षं फोन हातात होता हो. त्याचा नंबरही पाठ होता. पण मी म्हणजे मी!

मधल्या काळात महाडला पूर आला. आमच्या घरात छातीभर पाणी. चिखल उपसला तेव्हा ट्रंकेतल्या अल्बमचा लगदा झालेला, अण्णांचा एकही फोटो उरला नाही. त्यांच्यामागे माझ्याकडे आलेलं मशीन तेवढं राहिलं, ते लोखंडाचं. तेव्हापासून एक भलतंच होऊन बसलंय. डोळे मिटून अण्णांना आठवायला जावं तर जो चेहरा येतो तो... मधूचा असतो. अण्णांचं कपाळ कसं होतं? मिशी किती पिकली होती? सांगता येत नाही. मधूने केलेले अण्णा मात्र सुरकुतीसकट दिसतात. ज्याने माझे वडील पळवले म्हणून मी भांडले, त्याच्याचकडे ते शिल्लक राहिले. यावर रागवावं की हात जोडावेत, मला अजून उमगलेलं नाही.

बारशाला जाणं तसंच राहिलं. दोन दिवसांनी मी डोंबिवलीला मधूच्या घरी, वहिनींकडे गेले. म्हटलं, मला कळवलं का नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, “ताई, तुम्हाला आवडेल की नाही, मला कळेना.” मग मी इतकी वर्षं गिळलेलं विचारून टाकलं. ते मशीनचं खरं होतं की त्याने मनाने केलं? वहिनी म्हणाल्या, “मी कधी विचारलं नाही हो. पण डायरेक्टरना तो तुकडा नको होता, उगाच लांबतंय म्हणाले. तेव्हा हे पहिल्यांदा कुणाशी तरी भांडले. ठेवा, नायतर मलाच काढा, असं तोंडावर सांगितलं. आयुष्यात कधी भांडले नाहीत कामावरून.” आणि मग उठता उठता सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, “तुमच्याकडून परत आले ना त्या दिवशी, मला वाटलं दुखावले असतील. तर हसत होते. म्हणाले, शैलाने च्याश्मा काढून नाय म्हटलं. तिला माझं तोंड बघवलं नाय. मामांचीच पोर हाय!”

मी चष्मा काढला होता? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण मधू म्हणाला म्हणजे काढला असणार, त्याच्या नजरेतून असलं काही सुटायचं नाही. मग ही सवय मला अण्णांकडून आली, की मधूने दाखवल्यावर लागली? गाडीत बसून सगळा वेळ तोच विचार, आणि डोळ्यांना धार. शेजारच्या बाई विचारत होत्या, बरं नाही का वाटत? वीरला उतरले तरी डोकं गरगरतच होतं.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, तुम्ही अण्णांच्या मशीनवर बसा. हे म्हणाले, “मी? मला कुठं येतं?” म्हटलं, नुसते पाय मारायचेत. आधी एक जुना टॉवेल घालून दिला आणि मी मागच्या खोलीत जाऊन पाठ टेकून बसले. घर वेगळं, पिंप नाही, तरी बसले. जड, दबका आवाज येत राहिला. मग ओरडले, “आता टॉवेल काढा, दोरा काढा.” हे म्हणाले, “अगं, रिकामं कशाला? मशीन बिघडेल!” म्हटलं, बिघडू दे. आणि मग तो आवाज आला. मोकळा, कोरडा, खडखडीत. बाई गं... हाच. बारावीच्या त्या जूनमधला हाच. शिंप्याची पोर मी, कापडावरचं आणि रिकामं यातला फरक मला कळायला हवा होता. रागात ऐकला, म्हणून चाळीस वर्षं कळला नाही... की सिनेमात ऐकून तो आता माझ्या कानात जाऊन बसलाय? शपथेवर सांगता येणार नाही. सांगू शकले असते असे दोघंच होते.

परवा फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाच्या पोरांचा फोन आला होता. “ताई, फोटो चुकला म्हनं. दुसरा द्या, फ्लेक्स बदलतो.” वहिनींनी मधूचा एक चांगला फोटो मला दिला आहे, पांढऱ्या शर्टातला, एकट्याचा, पूर्ण. मी म्हटलं, नाही रे, आहे तोच ठेवा. स्वतःच्या वडिलांना ओळखणारी पोर मी, भर दुपारी स्टँडवर उभं राहून चांगलं अर्धं मिनिट त्याला अण्णा समजून बघत राहिले. याहून मोठं बक्षीस कुणी काय देणार त्याला? त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथेच दिलं होतं, फक्त ऐकायला तो नव्हता. काल बारशाची राहिलेली पिशवी पोचवायला गेले, तेव्हा फ्लेक्ससमोर थांबून मोठ्याने बोलले, टपरीवाल्याने वळून बघितलं तरी बोलले. “जमलं रे, मधू.” आणि हे म्हणताना चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.