मीटरवरची काळी पट्टी

गेल्या महिन्यात एका सकाळी गावाकडून पुतण्याचा फोन आला, ‘काका, अण्णा गेले...’ आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, ‘नक्की?’ खरं तर हा प्रश्न अण्णांचा. माझ्या या थोरल्या भावानं तो जन्मभर ज्याला त्याला विचारला. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. मुठीत इष्टलिंग धरून बसलेले अण्णा अगदी दुकानात गल्ल्यावर बसायचे तसेच दिसत होते. वाटलं, आता एक डोळा उघडून विचारतील, विभूती असली हाय का बनावट?

गंगाखेडच्या अलीकडे रस्त्यालगत आमचं गाव आणि गावात अण्णांचं किराणा दुकान. तेलाचा डबा वास घेतल्याशिवाय उतरवून घ्यायचे नाहीत, कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघायचे. लोक हसत, पण आम्हाला कारण ठाऊक होतं. गंगाखेडच्या पलीकडे सहा मैलांवर राहणाऱ्या आमच्या चुलत्यानं वडिलांचा अंगठा घेऊन नदीकाठचं रान गिळलं होतं. दुधानं तोंड पोळलेले अण्णा मग ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडल्यावर त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली. मी गावातच मास्तर होतो आणि आईचं औषध आणायला दर रविवारी गंगाखेडला जायचो. अण्णा गाडी द्यायचे, पण जाताना मीटर बघायचे, आल्यावर पुन्हा बघायचे. जाऊन-येऊन वीस मैल. आकडा जुळला की मान हलवून चावी कमरेला खोचायचे. मला त्याचं काही वाटत नसे, कारण ते स्वतः जाऊन आले तरी मीटर बघायचे.

पुढे त्या मीटरचा काटाच मेला. केबल बदलूनही भागेना, आतलं चाक झिजलेलं. परभणीत रहीमभाई मेस्त्रीनं अपघातात मोडीत निघालेल्या एका नव्या गाडीचा मीटर काढून बसवला. मी सोबत होतो. अण्णा स्टुलावर बसून त्याच्या हातांवर अशी नजर ठेवून होते, की पापणी लवली तर तो इंजिनच बदलेल. प्रत्येक स्क्रू त्यांनी मोजून घेतला. रहीमभाई वैतागून म्हणाला, ‘सेठ, ये मीटर झूट नहीं बोलता.’ हे वाक्य अण्णांना फार आवडलं. परतताना मात्र काटा तिसावर ठेवूनही गाडी रेंगाळल्यासारखी वाटायला लागली, तेव्हा ते पुटपुटले, ‘मेस्त्रीनं इंजनातलं काय तरी काढलं बग.’

पुढच्या रविवारी मी औषध घेऊन आलो. अण्णा मीटरवर वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

‘वीस जायाचे बत्तीस कसे रं झाले?’

‘मी सरळ गेलो, सरळ आलो, अण्णा.’

‘मग वरचे बारा कुठनं आले? सहा जायाचे, सहा यायाचे... चुलत्याच्या दारात जायलायस तू. वाटणीचं शिजायलंय तुमचं.’

मी आईची शपथ घेतली. ते म्हणाले, ‘मीटर खोटं बोलत न्हाई.’ मग माझंही डोकं फिरलं. ‘आता वाटणीच करा,’ असं मी ओरडलो तेव्हा वहिनींच्या हातातली परात खाली पडली. आई भिंतीकडे तोंड करून झोपली आणि जेवली नाही. त्या दिवसापासून मी एसटीनं जायला लागलो. एका चुलीवर जेवत होतो, पण माझ्या ताटाकडे अण्णा बघायचे नाहीत, मी त्यांच्याकडे. मला तर शंका यायची, की वाटणी त्यांनाच हवी आहे आणि मीटर हे निमित्त आहे. संशय असा एकाचा दुसऱ्याला लागतो...

मग दुकानाचा माल सांगायला अण्णा स्वतः गंगाखेडला गेले. दुपारी परत आले आणि मीटरवर स्वतःच्याच फेरीचे बत्तीस बघून गाडीवरून उतरेचनात. धोतराच्या सोग्यानं मीटरची काच पुसली, मला हाक मारली. बऱ्याच दिवसांनी मारलेली पहिली हाक.

‘मास्तर, ते बारीक इंग्रजी काय लिव्हलंय?’

मी वाचलं. किलोमीटर. जुन्या मीटरवर मैल होते. गावात सगळे मैलच बोलत, त्यामुळे हे दुसरं माप कुणाच्या ध्यानीच आलं नव्हतं. वीस मैलांचे बत्तीस किलोमीटर होतात, हे मी शाळेत फळ्यावर शिकवायचो. माझ्यासुद्धा डोक्यात आलं नाही. अण्णा गाडी वळवून गेले आणि पोस्टमास्तरांकडून तेच पुन्हा वाचून घेऊन आले. माझं वाचन खरं कशावरून? रागही आला, हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर मीटरमधल्या आकड्यांच्या खिडकीवर वायरमन लावतात ती काळी पट्टी घट्ट डकवलेली. काटा तेवढा उघडा. ‘चावी खुंटीला हाय. लागली तवा घिऊन जा,’ एवढंच अण्णा म्हणाले. माफीबिफी काही नाही. वाटणीचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही. आई शेवटपर्यंत एकाच चुलीवरचं जेवली.

तरी माझ्या मनात एक काटा राहिलाच होता. मी झोपल्यावर अण्णा पट्टी उचलून आकडा बघत असतील, पुन्हा दाबून ठेवत असतील... अण्णाच ते! जवळ जाऊन बघायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही. न जाणो, तसंच निघालं तर?

परवा गावी गेलो तेव्हा पुतण्या म्हणाला, ‘काका, भंगारवाला आलाय. गाडी देऊन टाकायची का?’ मी गोठ्यात गेलो. गाडीवर कडब्याचा भुसा साचला होता. चष्मा पुसला आणि पट्टीचे चारही कोपरे नखानं चाचपून बघितले, अगदी अण्णा बघायचे तसे. डिंक काचेत मुरून दगड झाला होता. कडेला वर्षानुवर्षांची धूळ बसून तिची अखंड रेघ झाली होती, कुठेही तुटलेली नव्हती. अण्णांनी एकदाही पट्टी उचलली नव्हती.

मी तिथेच सीटवर डोकं टेकवून रडलो. मग पुतण्याला सांगितलं, भंगारवाल्याला परत पाठव.