चिमाजीरावांचं ऐकणं

दापोडीत रेल्वेलाइनला लागून एक वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी व्याख्यान असतं. विषयाला काही धरबंध नसतो. कोळी जाळं कसं विणतो, मृत्युपत्र कसं करावं, पवना नदीला पूर्वी किती घाट होते, गुडघेदुखी, मोडी लिपी, काहीही. निवृत्त झाल्यापासून मी जातो. भोसरीच्या एका वर्कशॉपात मी स्टोअर सांभाळायचो. लिहिण्याचा संबंध फॉर्म भरण्यापुरताच आला, त्यामुळे हे नीट जमेल की नाही सांगता येत नाही. पण चिमाजीरावांबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटतं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

मी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसतो. पुढे बसलं की व्याख्याते कधीकधी आपल्यालाच काहीतरी विचारतात. चिमाजीराव पहिल्या रांगेत, व्याख्यात्याच्या बरोबर समोर बसायचे. उंच माणूस, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे पांढरे डाग, आवाज असा की जिन्यात बोलले तर वर कळावं. मूळचे खेडकडचे. एका फोर्जिंग कंपनीत चौतीस वर्षं तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर होते, एवढंच मला माहीत होतं.

हॉलच्या खिडकीखालून गाडी जाते तेव्हा अर्धा मिनिट कुणाला काही ऐकू येत नाही. सरावलेले व्याख्याते थांबतात, पाणी पितात. नवखे बोलत राहतात. कोळ्यांवर बोलायला आलेल्या बाई नवख्या होत्या. गाडी धडधडत असताना त्या काहीतरी बोलल्या आणि अख्ख्या हॉलात एकटे चिमाजीराव खो-खो हसले. बाईसुद्धा दचकल्या.

मला राहवेना. व्याख्यान संपल्यावर जिन्यात त्यांच्या मागून उतरताना मी विचारलं, "चिमाजीराव, गाडी जात होती तेव्हा काय म्हणाल्या हो बाई?"

ते उत्तर न देता उतरून गेले. माणूस शिष्ट दिसतोय, असं मला वाटलं. मी परत विचारलं नाही. एकदा विचारायलाच मला बराच वेळ लागतो.

पुढच्या पावसाळ्यात 'चाकणचा माल बंदरापर्यंत कसा जातो' असं व्याख्यान फळ्यावर लागलं. बोलणारे एक ट्रान्सपोर्टवाले होते आणि ते चाकणलाच ट्रॅफिकमध्ये अडकले. दीड तासात एक किलोमीटर सरकलोय, असा त्यांचा फोन आला. ग्रंथपाल विजयश्री हुशार मुलगी. तिनं शेजारच्या गल्लीतून प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक मारुतराव यांना घरच्या चपलांवर बोलावून आणलं आणि मागच्या दारातूनच जाहीर केलं, की आज सर आपल्या घरातल्या पालीबद्दल बोलतील. सगळ्यांनी माना वळवून ऐकलं. चिमाजीरावांनी मान वळवली नाही.

सर छान बोलले. पाल दिवसा फटीत दडून असते, म्हणाले. रात्रीच बाहेर पडते. एका जागी तासन्‌तास हलत नाही. आणि अगदीच जिवावर बेतलं तर मागचा भाग तिथंच टाकून पुढे निघून जाते. चिमाजीराव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. प्रश्नांच्या वेळी ते उभे राहिले.

"सर, तुमी म्हणता रातच्यालाच बाहेर पडायचं. तासन्‌तास एका जागी उभं ऱ्हायचं. समदं खरं हाय, मी बघितलंय. पर मग डायवरनं झोपायचं कवा?"

हॉल असा हसला, की खालच्या दुकानदारानं वर येऊन काय झालं ते विचारलं. मारुतराव सरांनी तर टाळी वाजवली. चिमाजीराव इकडेतिकडे बघत बसले. हसऱ्या तोंडांमध्ये त्यांचं एकट्याचं तोंड गोंधळलेलं होतं.

खाली अजिमच्या टपरीवर त्यांनी मला गाठलं. समोर उभे राहिले, अगदी तोंडासमोर. "राव, लोकं का हसली? डायवर काय माणूस न्हाई?"

"अहो, सर पालीबद्दल बोलत होते."

"व्हय, मालाबद्दलच."

"माल नाही. पाल!"

"तेच म्हणतोय मी. माल."

मी काउंटरवर सांडलेल्या चहात बोट बुडवून 'पाल' असं लिहिलं आणि हाताची बोटं फाकवून टपरीच्या पत्र्यावर चढवून दाखवली. चिमाजीराव त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग मान, कान, सगळं लाल झालं. आणि मग ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "तरीच ती ती करत होतं ते सर! मला वाटलं, गाडीबद्दल बोलत्यात. मागचा भाग टाकून पळती म्हणाले, मी म्हणलं ट्रेलर सुटला आसंल!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी सांगितलं. त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पंधरा-सोळा वर्षं झाली. ते ओठ वाचतात.

"हॅमर शॉपात समद्यांनाच येतं. हॅमर चालू आसला की बोंब मारून उपेग न्हाई. चहा पाजतो का, हे तोंडानंच इचारायचं, लांबनं. पलीकडच्या भट्टीवरचा गडी माझ्या आईवरनं काय बोलतोय ते मला हितनं कळायचं." मग म्हणाले, "प, ब, म ही तीन अक्षरं लबाड. तिन्हीला ओठ मिटत्यात. मागचं-पुढचं बघून जुळवायचं. आज मागचं-पुढचं बी जुळलं, काय करणार?"

सुनेनं कानाचं मशीन आणून दिलं होतं. त्यात पंखा ऐकू यायचा, खुर्च्या सरकलेल्या ऐकू यायच्या, माणूस तेवढा ऐकू यायचा नाही. ते कपाटात ठेवलं होतं.

मला एक कळेना. मी हळूच विचारलं, म्हणजे ओठ हळू हलवून विचारलं, की मग व्याख्यानालाच का येता?

"घरात कोण माझ्याकडं तोंड करून बोलतंय? बोलताना भाजी चिरत्यात, मोबाइल बघत्यात, पाठ करून आत जात्यात. हितं शिकलेलं माणूस तासभर माझ्याकडं तोंड करून बोलतं. आन जे बोलतं ते मला ठाऊक नसतं. कोळ्याची मादी नवऱ्याला खाती, मला कुठं म्हाईत होतं?"

मग त्यांनी मला शपथ घातली, की हे कुणाला सांगायचं नाही. कंपनीत दरवर्षी कान तपासायचे. काचेच्या खोलीत बसवून आवाज सोडायचे, ऐकू आला की बटण दाबायचं. चिमाजीराव काचेत दिसणारा तपासणाऱ्याचा हात बघून बटण दाबायचे. जे नापास झाले त्यांना हॅमरवरून काढून पॅकिंगला बसवलं. "बहिरा म्हणलं की माणूस बाजूला बसवत्यात. मी बघितलंय. हितं मी फुडं बसतोय, बसू द्या." ही शपथ त्यांनी इतक्या मोठ्यानं घातली, की अजिमनं मागे वळून पाहिलं.

ड्रायव्हरच्या प्रश्नानं चिमाजीराव वाचनालयात विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध झाले. "काका, आज काय सोडणार?" असं लोक विचारायचे. तेही नुसते हसायचे. त्या आडोशाला बहिरेपण लपायला बरं होतं.

दिवाळीनंतर तळवड्याच्या एका कारखानदारानं वाचनालयाला प्रोजेक्टर दिला. तेव्हापासून प्रत्येक व्याख्याता लॅपटॉप घेऊन यायला लागला, आणि पहिलं वाक्य झालं की म्हणायला लागला, "जरा लाइट बंद करता का?"

पहिल्या अशा व्याख्यानाला, सह्याद्रीतल्या फुलांच्या, मी मागून चिमाजीरावांचं डोकं बघत होतो. पडद्यावर फुलं येत होती. व्याख्याता पडद्याशेजारी अंधारात उभा राहून बोलत होता. लोक हसले, की चिमाजीराव हसायचे, पण एरवी सगळ्यांच्या आधी हसणारा माणूस आता सगळ्यांच्या नंतर हसत होता.

मी घरी जाऊन आठवेल तसं एका कागदावर लिहिलं आणि त्यांना नेऊन दिलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'काही फुले सात वर्षांनी येतात. व्याख्यात्यांनी छान माहिती दिली.' म्हंजे काय माहिती दिली?"

मी कागद परत घेऊन उलटून पाहिला.

"ऱ्हाऊ द्या, राव. तुमाला जे लागलं ते तुमी लिवलं. मला काय लागलं आसतं, ते कोण लिवणार?"

मी विजयश्रीला सांगू का, म्हटलं, तर म्हणाले, सांगितलंत तर ओळख संपली. जानेवारीत ते आले नाहीत. फेब्रुवारीतही नाहीत. पुढच्या रांगेत त्यांच्या जागेवर एक गृहस्थ पिशवी ठेवून बसायला लागले.

मार्चमध्ये फळ्यावर लिहिलं होतं: 'लोखंड कुठून आलं? वक्त्या: इफ्फत शेख'. मी चिमाजीरावांच्या घरी गेलो. त्यांची बायको अंबूबाई दारात होत्या. म्हणाल्या, "रविवारी नुसते येरझाऱ्या घालतात. घेऊन जावा कुठंतरी." मी चिमाजीरावांना विषय सांगितला.

"खाणीतनं आलं. त्यात काय सांगायचंय?"

"ताऱ्यांतून आलं म्हणतात."

"कशातनं?"

मी बोट वर केलं. चिमाजीरावांनी छताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, मी परत बोलतोय का म्हणून. मला तेवढंच माहीत होतं. ते आपल्या हातांवरच्या डागांवरून अंगठा फिरवत बसले. रविवारी माझ्या आधी हॉलात होते.

इफ्फत शेख कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, वय तिशीच्या आसपास. त्यांनी सुरुवातच केली, "तुमच्या रक्तातलं लोखंड आणि तुमच्या कंपनीतलं लोखंड एकाच भट्टीत तयार झालंय." चिमाजीराव पुढे झुकले. "ती भट्टी कशी होती ते आपण बघू. लाइट बंद करता का जरा?"

अंधार झाला. पडद्यावर लाल, मोठा गोल आला. बाईंचा आवाज येत होता, त्या कुठं उभ्या आहेत ते दिसत नव्हतं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. पुढे खुर्ची सरकली आणि पडद्यावरच्या ताऱ्यावर चिमाजीरावांची सावली पडली.

"लाइट लावा," ते म्हणाले. "ऐकू येत न्हाई."

हॉल हसला. का नाही हसणार? मागून कुणीतरी ओरडलं, "चिमाजीराव, आवाज वाढवायला बल्ब लावायचा का?" आणखी हशा झाला. माझ्या शेजारचा म्हणाला, "आज फॉर्मात आहेत." मला उठून सांगावंसं वाटलं, पण मी शपथेला धरून बसलो. खरं म्हणजे शपथ हे निमित्तच होतं.

सावली हलली नाही. "इनोद न्हाई हा," चिमाजीराव म्हणाले. "मी बहिरा हाय. पार बहिरा. तोंड बघून ऐकतो. अंधारात मला ही बाई मुकी हाय."

विजयश्रीनं दिवे लावले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मघाशी ओरडलेला माणूस चप्पल शोधत खाली वाकला होता. चिमाजीराव अजून उभेच होते, बाजूला बसवायची वाट बघत असल्यासारखे.

इफ्फत शेख म्हणाल्या, "मग मी अंधारात कशाला उभी आहे?" पण दिवे लावल्यावर पडद्यावरचा तारा पुसून गेला आणि मागच्या दोघाचौघांची कुरकूर सुरू झाली. तेव्हा विजयश्रीनं वाचनकक्षातला टेबललॅम्प आणला आणि बाईंच्या तोंडावर पडेल असा ठेवला. बाकीचे दिवे परत बंद केले. बाईंनी डोळे बारीक केले. "चौकीत आणून बसवल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. यावेळी चिमाजीराव सगळ्यांच्या आधी हसले.

व्याख्यान लांबलं. मोठा तारा आत काय काय जाळत जातो, एकातून दुसरं कसं बनवतो, ते त्यांनी सांगितलं. आणि लोखंड तयार झालं, की तिथं त्याचं इंधन संपतं, तो कोसळतो, फुटतो. चिमाजीराव परत उभे राहिले.

"लोखंडापाशीच का थांबतो? फुडं का जात न्हाई?"

बाईंनी पाचेक मिनिटं उत्तर दिलं. हातांनी दाखवलं, बंध, शक्ती, असं बरंच काही. सगळे माना डोलवत होते, मीही डोलवत होतो. चिमाजीराव त्यांच्या ओठांवरून नजर न हलवता ऐकत होते. उत्तर संपलं तरी ते खाली बसले नाहीत.

"बाई, बोललेलं समदं दिसलं," ते म्हणाले. "पर कळलं न्हाई. परत सांगा."

 इफ्फत शेखनी लॅम्प स्वतःच थोडा जवळ ओढला, पडद्याकडे पाठ केली आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या, यावेळी साध्या शब्दांत.  पहिल्या खेपेला मलाही कळलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला थोडं कळलं.