शैलाच्या घरची युद्धबंदी

मधुभाऊंचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या बाजारात शेपूची जुडी निवडत होते. "शैला गेली, मीनाताई. सकाळी उठलीच नाही," ते म्हणाले, आणि लगेच पुढे, "आमचा अबोला चालू होता हो..." जुडी तिथेच ठेवून मी रिक्षा पकडली. दीड महिना होत आला, पण त्यांचं ते दुसरं वाक्य अजून माझ्या कानात आहे.

शैलाने आणि मी गोरेगावच्या एकाच शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं. ती इतिहास, मी गणित. आमच्या वर्गांमधली भिंत इतकी पातळ, की माझी मुलं लसावि काढता काढता तिचं महायुद्ध ऐकायची. मीही ऐकायचे, खोटं कशाला सांगू! पाठ केलेल्या तारखेवर तिचं समाधान कधी व्हायचं नाही. "संपलं म्हणजे काय झालं रे?" ती विचारायची. "पहिल्या महायुद्धात तोफा थांबल्या नोव्हेंबरात, तह झाला पुढच्या जूनमध्ये. मग मधे काय होतं, युद्ध की सुट्टी?" पोरं खिदळायची. मग ती समजावायची, की गोळी सुटते एका दिवशी, युद्ध जाहीर होतं दुसऱ्या दिवशी, आणि कुठली तारीख धरायची हे माणसं बसून ठरवतात. कुणाचं पदक, कुणाचं पेन्शन त्या तारखेवर अडलेलं असतं.

हाच कायदा तिने घरी लावला होता. मधुभाऊ मालवणकडचे, तापट पण मायाळू. सकाळी कुरबुर झाली तर शैला म्हणायची, "ही नुसती चकमक. मी अजून जाहीर केलेलं नाही." जाहीर करायची ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, नवऱ्याला पूर्ण नावाने हाक मारून. मग अबोला. जेवायला एकत्र बसले की युद्धबंदी. पण तह व्हायचा तो चहावर: माघार घेणाऱ्याने चहा करायचा आणि दुसऱ्याने "साखर बरोबर आहे" म्हणायचं. तोवर युद्ध चालूच. एकदा मधल्या सुट्टीत मला म्हणाली, "संध्याकाळी घरी चल गं. आज तो चहा करणारे, साक्षीदार पाहिजे." मी गेले, आणि अतिगोड चहा प्यायले.

शेवटचं युद्ध पाटा-वरवंट्यावरून पेटलं. तिच्या सासूबाईंचा पाटा मधुभाऊंनी भंगारवाल्याला देऊन टाकला. वर "मिक्सर आहे ना!" म्हणाले. वाट लागली.

तेराव्यानंतर मी गेले तर मधुभाऊ ओट्याकडे बघत बसलेले. "तुम्ही तिच्या बाजूच्या वर्गात शिकवलंत. खरं सांगा. चहा झालाच नाही. म्हणजे भांडणातच गेली ना ती?"

मला भिंतीपलीकडचा एक तास आठवला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीशी तह रखडला, तेव्हा काही देशांनी आपापलं जाहीर केलं होतं, की आमच्यापुरतं युद्ध संपलं. मी तसं सांगितलं.

"एकट्याने चालतं?"

"शैलाने शिकवलंय."

"आणि तारीख? मागची घालता येते?"

"ठरवणारे तुम्हीच. आदल्या दिवशी काय झालं ते सांगा."

"काय होणार? बुधवार होता, मी बांगडे आणले. तिने केले. तोंड फिरवून जेवत होती. मधेच आपल्या ताटातली गाबोळी उचलून माझ्या ताटात ठेवली. बोलली नाय काय."

"गाबोळी? शैलाने?"

माशाच्या पोटातली ती अंडी शैला सख्ख्या भावालासुद्धा देत नसे. जावयाला पहिल्या जेवणातही तिने दिली नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मधुभाऊ आधी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मीही.

"तुम्ही पेपरात लिहिणार ना तिच्यावर?" थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसत विचारलं. "मग लिहा. बुधवार, रात्रीचं जेवण. आणि हेही लिहा, की मी खाल्ली."