आईने लावलेली लायब्ररी

"आमची पोरगी युनिव्हर्सिटीत काय शिकते माहितीये? वाचायला!"

बाबा फोनवर चिपळूणच्या काकांना सांगत होते. लायब्ररीत. त्यांच्या मते हळू आवाजात. तीन टेबलांवरची मुलं वळून बघायला लागली आणि मी बाटलीचं झाकण उगाचच उघडलं, लावलं, उघडलं.

बाबा खोटं बोलत नव्हते. पहिल्या सेमिस्टरला आम्हाला तसा विषयच होता. पुस्तक कसं वाचावं, टिपणं कशी काढावीत, लायब्ररीत हवं ते कसं शोधावं. त्या दिवशी त्याची प्रॅक्टिकल परीक्षा होती. प्रत्येकाला दोन पुस्तकांचे नंबर मिळणार, वीस मिनिटांत ती शोधून आणायची. नापास झालं तर अख्खा विषय पुन्हा! म्हणून ओमानमधल्या आमच्या सीबहून निझव्याच्या युनिव्हर्सिटीत मला सोडायला बाबांनी रजा काढली होती, आणि "पोरगी उपाशी परीक्षा देणार की काय" म्हणत आई डब्यासकट गाडीत बसली होती.

लायब्ररीच्या प्रमुख शम्सा मॅडम परीक्षेची चाळीस पुस्तकं ट्रॉलीवर काढून, ती जागेवर लावायला मदतनिसाला सांगून, नमाजाला गेल्या. मदतनीस चहाला गेला. आणि आईची नजर ट्रॉलीवर गेली.

"बाई गं, केवढा पसारा! आणि शेजारचं कपाट रिकामं!"

"अगं, त्यांचा माणूस लावेल," बाबा म्हणाले.

"कुठाय माणूस? दोन मिनिटांचं काम."

"मग निदान नंबर बघून लाव." (बाबा स्पेअर पार्ट्सच्या गोदामात स्टोअरकीपर आहेत. नंबर नसलेल्या वस्तूला ते वस्तूच मानत नाहीत.)

"नंबर काय करायचेत? उंची बघायची!"

एखादी धीट मुलगी उठून "आई, नको!" म्हणाली असती. मीही उठले, आणि इतिहासाच्या रॅकमागे जाऊन लपले! तेवढ्यात वर्गातली एक मुलगी आली. "त्या आँटी कोण गं?" मी खांदे उडवले. जन्मदात्या आईला नुसते खांदे उडवून नाकारलं!

शम्सा मॅडम परतल्या, रिकामी ट्रॉली बघून खूश झाल्या आणि म्हणाल्या, "यल्ला, करा सुरू!"

पाच मिनिटांत लायब्ररीचा निझव्याचा बाजार झाला. एकोणीस मुलं हातात चिठ्ठ्या घेऊन रॅकमधून पळत होती. कॉम्प्युटर सांगत होता पुस्तक आहे, रॅक सांगत होतं नाही! एक मुलगा स्टुलावर चढला. एक मुलगी रडायला लागली. आई बाबांना म्हणाली, "बघा, मुलांना वस्तू जागेवर ठेवायची सवयच नाही!"

न धावणारी मी एकटीच होते. कॉम्प्युटरच्या नोंदीप्रमाणे माझं पहिलं पुस्तक सातशे पानांचं होतं. जड वस्तू आई सगळ्यात खाली ठेवते, मिक्सर आणि पिठाच्या डब्याशेजारी. मी ट्रॉलीशेजारच्या कपाटाच्या खालच्या फळीवर हात घातला. मिळालं! दुसऱ्याच्या नोंदीत 'कव्हर फाटलेलं' असा शेरा होता. फाटकं-तुटकं आई पाहुण्यांना दिसू नये म्हणून मागे सारते. मधल्या फळीवरची देखणी पुस्तकं बाजूला केली. तेही मिळालं!

वेळ संपली. एकोणीस जण रिकाम्या हाताने उभे, आणि सेमिस्टरभरात वर्गात एकदाही तोंड न उघडलेली मी दोन पुस्तकं छातीशी धरून!

"बघा!" शम्सा मॅडम वर्गावर कडाडल्या. "हिने अभ्यास केला. हिला पूर्ण मार्क. बाकीचे सगळे नापास. खलास!"

मागच्या टेबलावरून बाबांनी अंगठा दाखवला. रडणारी मुलगी आणखी रडायला लागली. मी गप्प बसले असते तरी पास होते. गप्प बसणं हा तर माझा सगळ्यात पक्का विषय.

"सांग सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या, "कुठली पद्धत वापरलीस?"

कान तापले होते. पण आवाज आला, आणि तोही बाबांच्या फोनवरच्या आवाजाएवढा!

"मॅडम, यांना नापास करू नका. पुस्तकं माझ्या आईने लावली आहेत, उंचीप्रमाणे. त्या बघा, डबा उघडून बसल्या आहेत. आणि नापासच करायचं असेल तर मला करा. मला समोर बसलेली आईसुद्धा ओळखता आली नव्हती!"