झीलकरी हजर!

चांगली चाललेली वस्तू एकदा मुद्दाम बंद पाडून बघितल्याशिवाय उस्तादांचा तिच्यावर विश्वास बसायचा नाही. नवी छत्री आणली की ती आधी नळाखाली धरायची. सायकलचे ब्रेक सपाटीवर नाही, यवतेश्वरच्या उतारावर तपासायचे. थोरल्या मुलीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी त्या मुलाला गप्पांच्या नादात भर दुपारी 'चार भिंती' नावाच्या टेकडीवर चढवलं. "पगार काय, कुणीबी सांगतंय. दम लागल्यावर माणूस चिडतोय का हसतोय, त्ये बघायचं असतंय." मुलगा धापा टाकत हसला आणि जावई झाला.

उस्ताद सैन्याच्या सिग्नल विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. तिकडं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि गावी आल्यावरही ते नाव त्यांनी गणवेशासारखं जपलं. गाव मेढ्याच्या वर डोंगरात, बिऱ्हाड साताऱ्यात. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी साताऱ्यात कॉम्प्युटरचा क्लास काढला होता आणि पाटीवर स्वतःच्या नावापुढं 'संगणकतज्ज्ञ' असं ठसठशीत रंगवून घेतलं होतं. त्या पाटीला फसलेल्या मंडळींत उस्ताद होते. पॉलिश केलेले बूट घालून पहिल्या बाकावर, कॉलेजच्या पोरांच्या शेजारी ताठ बसायचे. पहिल्या दिवशी मी मशीन सुरू करून दाखवलं, तर त्यांचा हात वर.

"मास्तर, सुरू काय, बटण दाबलं की हुतंय. मेल्यावर काय करायचं, त्ये कवा शिकवणार?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हणालो. तेवढ्या अवधीत मला स्वतःला ते शिकता आलं असतं, असा माझा अंदाज होता.

त्यांच्या प्रश्नामागं काय आहे ते थोड्या दिवसांनी कळलं. त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली. आत जुन्या रेकॉर्डरवरच्या मोठ्या चकत्यांच्या टेपा होत्या. लोकांनी बौद्ध धम्म घेतल्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या भागात प्रबोधनाचा एक जलसा गावोगाव फिरायचा. कुणा शिक्षकानं हौसेनं त्याची गाणी टेप केली होती. त्या जलशात उस्तादांचे वडील होते. आता टेपा जावळीच्या पावसानं बुरसल्या होत्या. सांगलीतल्या एका साउंडच्या कारागिराकडं तसलं यंत्र चालू अवस्थेत होतं, पण टेपेकडं बघून तो म्हणाला होता, "उस्ताद, लावली की ह्याची भुकटी झडणार. एकदा वाजंल. दुसऱ्यांदा नुसती पट्टी फिरंल."

म्हणजे जे काही उतरवून घ्यायचं ते एका खेपेत. आणि जिथं उतरवायचं ती जागा मरता कामा नये. वडिलांचा फोटोसुद्धा नव्हता घरात. जे होतं ते त्या भुकटीत होतं.

मी छाती पुढं काढली. एका मासिकाबरोबर मला लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीची सीडी फुकट मिळाली होती आणि ती वापरायला मी निमित्तच शोधत होतो. मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं की दोन डिस्का लावायच्या, लिनक्स एकच गोष्ट एकाच वेळी दोन्हीवर लिहितं, एक मेली तरी दुसरी काम चालू ठेवते. उस्ताद बाकावरून उठलेच.

"आवं मास्तर, मग ह्यो झीलकरी की! शाहीर पुढं ओळ म्हणतोय, झीलकरी मागनं तीच उचलतोय. शाहिराला ठसका लागला तर झीलकरी वढून न्हेतोय. लोकांना कळतबी न्हाई." मग परत बाकावर बसत म्हणाले, "आमचा बाप झीलकरीच हुता. शाहिराचं नाव समद्यांना ठावं. ह्याचं कोण इचारतंय?"

डिस्का घेताना त्यांनी एक अट घातली: दोन्ही एका दुकानातल्या, एका पेटीतल्या नकोत. "एका भरतीतली दोघं एकाच दिवशी पेन्शनीत जात्यात." म्हणून एक पुण्याहून आली आणि दुसरी थेट कोइमतूरहून. तिकडं सोनं गाळायचं, गलाईचं दुकान असलेला त्यांचा विट्याचा दोस्त ती टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन आला. आयुष्यभर सोनं वाहिलेल्या त्या माणसानं डिस्क माझ्या हातात देताना इतक्या वेळा "जपून" म्हटलं की ती माझ्या हातातून जवळजवळ सुटलीच.

लिनक्स मी एका जुन्या छोट्या डिस्कवर बसवलं आणि गाण्यांसाठी या दोन नव्या मोठ्या. कसोटीला माझ्याच लग्नाची कॅसेट मशीनमध्ये उतरवली. स्क्रीनवर कंसात दोन यू शेजारी शेजारी उमटले, म्हणजे दोन्ही भिडू जागेवर. उस्तादांनी त्या दोन यूंकडं सावधान उभ्या असलेल्या जवानांकडं बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "चला, आता एक पाडा."

मी मशीन बंद करून कोइमतूरच्या डिस्कची वायर काढली आणि पुन्हा सुरू केलं. लग्नातली सनई खणखणीत वाजली. मी क्लासकडं वळून हात पसरले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"ती लावा. आता पुण्याची काढा," उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, झालं की सिद्ध!"

"झालं न्हवं? मग काढायला काय भ्याव हाय?"

पुण्याची काढली. सनई नाही, मंगलाष्टका नाही, काही नाही. मी घामाघूम. तासभर उलथापालथ केल्यावर सापडलं: मी पुण्याच्या डिस्कचेच दोन कप्पे करून त्यांना एकमेकांचा आरसा बनवलं होतं. कोइमतूरची डिस्क नुसती सोबतीला फिरत होती. आमच्या संसाराची सगळी मदार एका डिस्कवर, आणि वर दोन यू ऐटीत उभे!

उस्ताद हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. "एकाच गड्याला शाहीर बी केला आन् झीलकरी बी. त्यो खोकला की समदा जलसा गप." आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "पुन्यांदा मांडा. म्या हितंच हाय."

पुन्हा मांडलं. पुन्हा पाडलं. आलटून पालटून दोन्ही पाडून झाल्या तरी उस्तादांचं समाधान होईना. मशीन चालू असताना मेन स्विच ओढून बघितला, तेव्हा तर माझाच श्वास बंद पडला. घरी बायको म्हणाली, "आपलं लग्न एवढ्यांदा मोडलं म्हणे आज?" मी म्हणालो, "आणि तेवढ्यांदा जुळलं."

मग एक दिवस आम्ही ते मशीन गोधडीत बांधून एसटीनं सांगलीला नेलं. कऱ्हाडपर्यंत उस्तादांनी मांडीवर धरलं, पुढं मी. कंडक्टरनं विचारलं, "ह्ये काय वो?" उस्ताद म्हणाले, "जलसा हाय." कंडक्टरनं जलशाचं अर्धं तिकीट फाडलं.

कारागिरानं यंत्राला आमचं मशीन जोडून टेप लावली. खाली खरोखरच तपकिरी भुकटी पडायला लागली आणि वर डफ घुमायला लागला. शाहिराचा आवाज तापला होता. "वाट आम्हीच पाडली गं माय, आता मागं वळायचं न्हाय..." ओळ वर चढली आणि मध्येच तुटली. शाहिराला ठसका लागला होता. एक डफाचा ठोका रिकामा गेला, आणि मागून एक जाड, अनघड आवाज पुढं आला आणि ओळ शेवटाला घेऊन गेला. मी उस्तादांकडं बघितलं. त्यांनी नुसतं एक बोट वर केलं: हाच.

त्यानंतर दर शनिवारी क्लासमध्ये परेड सुरू झाली. उस्ताद मशीनपुढं उभे राहून तीन प्रश्न विचारायचे आणि मी मोठ्यानं उत्तरं द्यायची. "कोण हजर? कोण पडला? कोण कुणाला शिकवणार?" मग एक डिस्क काढायची, गाणं चालतंय का बघायचं, डिस्क परत लावायची आणि जाणती डिस्क परतलेलीला कोरी समजून सगळं पहिल्यापासून शिकवून होईपर्यंत जागचं हलायचं नाही. पोरं तोंड दाबून हसायची. मीसुद्धा हसलो असतो, पण मी उत्तरं देण्यात गुंतलेला असायचो.

उस्ताद कधी चुकायचेच नाहीत असं नाही. चुकायचे, आणि तेही मनापासून. क्लासशेजारी घराचं बांधकाम निघालं आणि धूळ यायला लागली, तेव्हा त्यांनी आपली मिलिटरीची कांबळ आणून मशीनला चारी बाजूंनी लपेटून टाकली. दिवस वैशाखाचे. मी गावाला गेलो होतो. परतलो तेव्हा कांबळीखालून जळका वास येत होता आणि आतून कुणीतरी दात खात असल्यासारखा आवाज. स्क्रीनवर एकच यू उरला होता. पुण्याची डिस्क गेली होती.

उस्ताद कांबळ हातात घेऊन बाकावर बसले. ज्या माणसानं दर शनिवारी ही वेळ मुद्दाम आणली होती, तो कांबळीची घडी घालत होता आणि मोडत होता. "मास्तर, म्याच बापाला पांघरूण घालून मारला की वो."

"मेला नाही. कोइमतूर हजर आहे," मी म्हणालो.

"ती बी गेली तर?"

 टेप आता कोरी पट्टी होती आणि सीडी लिहायचं यंत्र आमच्या ओळखीत कुणाकडं नव्हतं. जे होतं ते त्या एका तापलेल्या डिस्कवर. मी मशीन थंड होऊ दिलं, पुण्याहून नवी डिस्क मागवली आणि ती येईपर्यंत कुणाला मशीनला हात लावू दिला नाही, मलासुद्धा. डिस्क आली तेव्हा उस्ताद भिंतीकडं तोंड करून बसले. "मला बघवायचं न्हाई. तुमी करा."

नव्या डिस्कवर आधी जुन्यासारखेच कप्पे पाडायचे होते. त्याची एक आज्ञा असते. तीत दोन नावं लिहायची, कुणाचा नमुना घ्यायचा आणि कुणावर उमटवायचा. मी लिहिलं. बोट एंटरवर नेलं. भिंतीकडून आवाज आला, सवयीनं, खोल गेलेला.

"कोण हजर?"

"कोइमतूर हजर!"

"कोण पडला?"

"पुणे पडला. नवा आलाय, कोरा आहे."

"कोण कुणाला शिकवणार?"

मी स्क्रीनवर बघून वाचायला लागलो, "कोरा... कोइमतूरला..." आणि माझं बोट हवेतच थिजलं. नावं उलटी पडली होती. कोऱ्याचा कोरेपणा मी जाणत्यावर उमटवायला निघालो होतो.

"काय झालं?" उस्तादांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही. उत्तर चुकलं. पुन्हा विचारा."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी नावं पुसून सुलटी लिहिली, वाचून दाखवली आणि मग बोट टेकवलं. कोइमतूरनं नव्याला शिकवायला घेतलं आणि दिवस कलायला दुसरा यू उगवला. उस्ताद उठून आले, स्क्रीनपुढं ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आता तिसरा गडी भरती करायचा. त्यो मेढ्याला ऱ्हाईल. आन् ही कांबळ तुमी न्या घरी." तिसरी डिस्क आली, शिकली आणि त्यांच्या गावच्या घरी जाऊन राहिली. कांबळ आमच्याकडं आहे. बायको थंडीत वापरते.

पुढं मशीन बदललं, डिस्का तर कितीदा बदलल्या. शनिवार बदलला नाही. उस्ताद थकले, यायचे थांबले, तेव्हा फोनवर प्रश्न विचारायचे. मग फोनही थांबला.

उस्ताद गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी मेढ्याच्या वरच्या त्या गावी गेलो. विहारापुढच्या अंगणात माणसं बसली होती. उस्तादांच्या थोरल्या मुलीनं सांगितलं, "मास्तर, आज्जांचं गाणं लावा." मी लावलं. एवढी परेड केलेला मी, पण स्पीकरला एकच वायर आणली होती, आणि तीही सैल खोचली होती. डफ घुमला, शाहीर तापला, "वाट आम्हीच पाडली गं माय..." आणि ठसक्याच्या नेमक्या जागी ती वायर निसटली.

मी खाली वाकून चाचपडत होतो, तोवर मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ओळ उचलली. त्याच्याबरोबर बायकांनी. मग जावयानं, मग सगळ्या अंगणानं. ओळ शेवटाला गेली. मी वायर हातात धरून तसाच बसून राहिलो. ती परत खोचायची घाई आता नव्हती.