टिकिरी आक्काचा श्वास आणि विहाराचा कर्णा

चैत्री पौर्णिमेच्या सकाळी विहाराचा कर्णा बंद करायला मी विसरलो, आणि टिकिरी आक्काचं घोरणं साऱ्या गावाने ऐकलं.

त्याचं असं झालं. थोरले हामुदुरू, म्हणजे आमच्या विहाराचे मोठे भिक्खू, माइकवरून म्हणाले, "आता कोणी बोलू नका. श्वास आत येतोय, बाहेर जातोय. नाकपुडीच्या टोकाशी लक्ष ठेवून नुसतं बघा." आता कोणी बोलणारच नसेल, तर यंत्राशेजारी बसून मी करू काय? मी हळूच उठलो आणि समोरच्या टपरीवर आल्याचा चहा प्यायला गेलो. माइक तसाच चालू राहिला. दिवसापुरती आठ शीलं, म्हणजे व्रतं, घेऊन, पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायकांच्या पहिल्या रांगेसमोर. नेमका आक्काच्या नाकासमोर.

आधी नारळीवरच्या कर्ण्यातून वारा सुटल्यासारखं काहीतरी आलं. मग त्या वाऱ्यात खर्ज मिसळला. टपरीवरची माणसं पेले हातात धरून आभाळात बघायला लागली.

"विमान आहे का रे?" कोणीतरी विचारलं.

"विमान कसलं? आमची मेणिके आहे," टपरीवाला उक्कु बंडा शांतपणे म्हणाला. टिकिरी मेणिके ही त्याची लग्नाची बायको, तेव्हा आवाज ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं.

"अरे देवा! बंद करून येतो," मी उठलो.

"बस की. अजून शिट्टी यायचीय."

मी पळालो, पण शिट्टी माझ्या आधी पोचली.

इतर कोणाचं घोरणं असतं तर गाव दोन दिवस हसून विसरलं असतं. पण येत्या वैशाखी पौर्णिमेला आसपासच्या तीन गावांच्या बायका आमच्या विहारात दिवसभर बसायला येणार होत्या, आणि त्यांना आनापान भावनेला बसवायचं काम हामुदुरूंनी यंदा आक्कावर सोपवलं होतं. भावनेला बसणं म्हणजे डोळे मिटून श्वासावर मन ठेवणं. आक्का वरवर "मला काय येतंय" म्हणायची, पण दुपारी मंडपात कोणी नसलं की "श्वास आत येतोय" हे वाक्य हळू आवाजात म्हणून बघायची. ते सोपं नव्हतं. तिचा आवाज मूळचा भातशेतातून म्हशी हाकलण्यासाठी घडलेला.

श्वासाशी तिची गाठ पडली तीही त्या आवाजामुळेच. तरुणपणी ती चिडली की पलीकडच्या बांधावरची माणसं उगाचच कामाला लागायची. हामुदुरूंनी तिला औषध दिलं: राग आला की आधी श्वास बघायचा, मग बोलायचं. आक्काने ते औषध भातलावणीला उतरावं तशा हट्टाने घेतलं. गुण आला की नाही, यावर मात्र गावात दोन मतं आहेत. उक्कु बंडा म्हणतो, "पूर्वी ओरडली की संपायचं. आता आधी लांब श्वास घेते, आणि तेवढ्यात मला माझी सगळी पापं आठवतात."

तर त्या दिवशी बैठक संपली. हामुदुरू समोर असतानाच डिंगिरी अम्मा साखर पेरलेल्या आवाजात म्हणाली, "आक्का, डोळा लागला होता का गं?" वैशाखीच्या कामावर डिंगिरीचाही डोळा होता, हे तिच्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं.

एरवी आक्काने "छे, खोकला अडकला होता" म्हणून वेळ मारून नेली असती. पण खोटं बोलणार नाही असं शील तिने सकाळीच हात जोडून घेतलेलं, अंगावर पांढरी साडी, मागे बोधिवृक्ष. आक्काने श्वास घेतला. दोन रांगा मागे सरकल्या.

"हो. लागला होता," ती म्हणाली. "हामुदुरू, वैशाखीला मी नाही बसवणार. दुसरी कोणी बघा."

हामुदुरूंनी टाळूवरून हात फिरवला. "बघू की. आज जिचं मन श्वासावर राहिलं असेल, तिने हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. शीलं सगळ्यांनीच घेतलेली!

"सुमना, तुझं मन कुठे होतं?"

"चुलीवर फणस ठेवून आले होते, हामुदुरू. तो लागला असेल का, तेच बघत होते."

"आणि करुणा, तू?"

"जावयाच्या घरी. भांडत होते."

एवढ्यात डिंगिरीचा हात अर्धा वर गेला. "माझं मन श्वासावर होतं. पूर्ण वेळ."

"तुझ्या श्वासावर?"

डिंगिरीने पदराचा काठ नीट केला, पुन्हा नीट केला. शेवटी खाली बघून म्हणाली, "नाही, हिच्या."

बायका अशा हसल्या की बोधिवृक्षावरचे कावळे उडाले. हामुदुरूंनी ताडाचा पंखा तोंडापुढे धरला, पण पंखाही हलत होता. हसली नाही ती फक्त आक्का. पंख्याआडून हामुदुरू तिला म्हणाले, "झोप सगळ्यांनाच लागते, टिकिरी. 'हो' म्हणायला मात्र सगळ्यांना जमत नाही. तू ठरव." तिने काहीच ठरवलं नाही. संध्याकाळी शीलं सोडली आणि मान खाली घालून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विड्याच्या पानांची जुडी घेऊन तिच्या दारात. वडीलधाऱ्यांची क्षमा मागायची तर आमच्याकडे पानं द्यावी लागतात. अंगणात उक्कु बंडा भेटला. "जा आत," तो कुजबुजला. "आत्ताच एक श्वास माझ्यावर खर्च झालाय."

आक्का नारळ खवत होती. मी पानं देऊन पाया पडलो.

"आक्का, सगळं माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे घोरले का मी, मल्ली?" धाकटा भाऊ म्हणून ती मला मल्ली म्हणते, पण त्या वेळी त्यात भावाचं काही नव्हतं. "इतकी वर्षं बसतेय. मलाच झोप लागते, तर दुसरीला काय जागं ठेवू? आणि तीन गावांसमोर हसं."

"शेतापलीकडच्या गावातल्या बायका आज सकाळीच विहारात आल्या होत्या. त्यांच्यापर्यंत आवाज गेला होता म्हणे."

"बघ!"

"विचारत होत्या, घोरणारी आक्काच बसवणार ना? तीच पाहिजे म्हणाल्या. तिच्यासमोर डुलकी लागली तर लाज वाटायची नाही."

खवणी थांबली. आक्काने श्वास घेतला. मी उंबरठ्यापर्यंत मागे सरकलो. श्वास सावकाश बाहेर आला, आणि त्याच्या मागून काहीच आलं नाही.

"आक्का, मग बसवणार ना?"

"बसवीन, पण गावातल्या पुरुषांच्या पहिल्या रांगेत तू बसायचंस, चहाला न उठता, तोंड मिटून."