बायकोची केटलबेल आणि माझा अडकलेला टी-शर्ट

मंडळी, खरं सांगतो, आज मी बायकोवर जळतोय.

रामवाडीच्या जिमला मी दोन वर्षं जातोय. तिला गणपतीनंतर मीच घेऊन गेलो. आज ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणाला, "केटलबेल वहिनींकडून शिका. एकदा डोक्यावर ढकलली, की लगेच वाकून कमरेकडे ओढतात. खांदे आणि पाठ, दोन्ही सारखे तयार होतात."

माझ्या पोटात दुखलं. मी ओढायचा व्यायाम करतच नाय, आरशात पाठ कुठे दिसते? तिच्यापेक्षा जड केटलबेल, म्हणजे तो कडीवाला लोखंडी गोळा, उचलली आणि रागारागाने नुसती वर ढकलत बसलो.

घरी येऊन घामाने चिकटलेला टी-शर्ट काढायला गेलो, तर खांदे धरलेले. हात वर जाईना, डोकं आत अडकलं. "अगो, जरा ये गो!"

ती आली आणि एका झटक्यात टी-शर्ट ओढून काढला. "ओढायचं काम मी किती दिवस करू?" म्हणाली आणि आरामात भाकऱ्या थापायला गेली. तिचं काहीच दुखत नाय, याचंच जास्त दुखतंय.

उद्यापासून मीपण ओढणार, पण ती जिमला यायच्या आधी, गुपचूप.

ही पोस्ट तिला दिसू नये अशी सेटिंग केलीय. बरोबर झालीय ना, कोणीतरी बघून सांगा!